दहापैकी

लिफ्टचं दार मिटलं आणि समोरच्या आरशात एक बाई तोंड उघडून उभी होती. भुवया कपाळावर चढलेल्या, ओठ विलग, हनुवटी जराशी पुढे. लहान मुलाला घास भरवताना भरवणाऱ्याचंच तोंड आधी उघडतं, अगदी तसं. ही कोण बया सकाळी सकाळी आ वासून उभी, असं मनात येतंय तोवर त्या बाईच्या खांद्यावरची पिशवी ओळखीची निघाली, पिशवीचा तुटून गाठ मारलेला बंदही ओळखीचा निघाला, आणि मग इलाजच उरला नाही. तोंड तिचंच होतं. आत्ताच ती आतल्या खोलीच्या दारातून वाकून विचारून आली होती, "आज किती गं?" आणि पलंगावरून उत्तर आलं होतं, बोटांनी. एक पंजा पुरता उघडा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं. सात. दहापैकी सात! मग तिने चपला घातल्या, किल्ली शोधली, दार ओढून घेतलं, लिफ्टचं बटण दाबलं. आणि एवढ्या सगळ्या वेळात, विचारण्यासाठी बाहेर काढलेला तो चेहरा आत ठेवायचा राहूनच गेला होता, कुणाच्या दारातला दिवा भर दिवसा जळत राहावा तसा.

लिफ्ट खाली निघाली. तिने घाईने तोंड मिटलं, भुवया खाली आणल्या, उगाच केस सारखे केले. पण बघितलेलं ते बघितलं. म्हणजे रोज सकाळी आपण हे तोंड घेऊन त्या दारात उभ्या राहतो? आणि पलंगावरून ते दिसतं? लिफ्ट नीट चालली होती. तिच्या नवऱ्याने स्वतः उघडून, पुसून, तेलपाणी करून दिलेली. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत तिने त्याला विचारलं होतं, लिफ्टमध्ये आरसा कशाला रे लावतात? तो म्हणाला होता, "माणूस स्वतःकडे बघत राहिला की लिफ्ट किती हळू आहे ते त्याच्या ध्यानात येत नाही. तक्रारी कमी होतात." तेव्हा ती खूप हसली होती. एवढी वर्षं त्या आरशात तिने टिकली बघितली, पदर बघितला, दातात अडकलेलं काही बघितलं. तोंड आज बघितलं.

घरात तिला सगळे वहिनी म्हणत. सगळे म्हणजे एक नणंद. पण ती एकटी दहाजणींच्या आवाजात हाक मारायची, त्यामुळे नवराही एखाद्या वेळी चुकून "अगं वहिनी" म्हणून जायचा आणि मग घरभर हशा. नणंदेला सगळे बदक म्हणत. हे नाव तिच्या विद्यार्थ्यांनी दिलेलं. ती पोहायला शिकवायची. निळ्या फरशीच्या तलावाच्या काठाने, पावलं बाहेर टाकत, शिट्टी गळ्यात, ती पुढे आणि काखेत टॉवेल दाबलेली पोरं मागे अशी रांग चालायची, तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, बदकताई. तिला ते इतकं आवडलं की तिने स्वतःच ते घरी आणलं. तलावाचं औषध मारलेलं पाणी तिच्या केसांत, टॉवेलांत, उशीच्या अभ्र्यात वास करून असायचं. कपाट उघडलं की वाटायचं, आत पाणी आहे.

मग तो ताप आला. साधाच; घरात तिघांनाही आला. दोघांचा उतरला. बदकचाही उतरला, पण जाताना तिला बरोबरच घेऊन गेला म्हणायचं. अंगात ताप नाही, आणि अंगातलं माणूस कुठेतरी दूर. आधी वाटलं, अशक्तपणा; मग वाटलं, हवा; मग कुणी म्हणालं, लग्न करा. रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले, सगळं जिथल्या तिथे. कागदावर ती ठणठणीत होती, फक्त पलंगावरून उठत नव्हती. उजेड सोसेना म्हणून पडदे आले. आवाज सोसेना म्हणून घरातली भांडी अंग चोरून वागू लागली. आणि या दुखण्याची सगळ्यांत लबाड खोड ही की ते त्या दिवशी काहीच बोलत नाही. आज बदक उठून खिडकीपर्यंत गेली, दोन गोष्टी बोलली, केस विंचरून घेतले, तर आज सगळं छान. चावतं ते परवा. मग तीच बाई तोंडावर पाणी मारायलाही उठू शकत नाही. भेटायला येणारे आजच्या दिवशी येतात, "बरी दिसतेस की!" म्हणून जातात, परवाच्या दिवशी कुणी येत नाही. परवाचा दिवस घरच्यांचा.

बोलण्यानेही ती दमायची, म्हणून बोटं सुरू झाली. आणि दहापैकी हे माप डॉक्टरांचं; दहा म्हणजे पूर्वीसारखी ठणठणीत. गावाबाहेरच्या लहानशा दवाखान्यातले ते डॉक्टर बाकीच्यांसारखे नव्हते. बाकीचे फाईल बघत, हे माणूस बघत. खुर्ची ओढून शेजारी बसत, हात हातात घेत, आणि विचारत, "सांगा, दहापैकी किती?" बदक पहिल्यांदा त्यांच्याकडून परतली तेव्हा गाडीतच रडली होती. म्हणाली, "वहिनी, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला." त्यांनीच ती नवी गोळी दिली. गोळी सुरू झाली तेव्हा आकडा दोन होता. तिनाशी आला, तिनावर बरेच दिवस रेंगाळला, मग चार झाला. पाचाच्या दिवशी नवरा शीळ घालत अंघोळीला गेला. घरात शीळ! वहिनी ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसत होती, आणि डोळे पुसता पुसता तिच्या मनात आलं होतं, गोळी लागू पडतेय. खरंच लागू पडतेय. रस्त्याने चालतानाही ती ते मनात म्हणायची, जप केल्यासारखं. आज मात्र चालताना तो जप येईना. दुकानाच्या काचेत, थांबलेल्या गाडीच्या खिडकीत, चहावाल्याच्या पातेल्याच्या पाठीवर सुद्धा तिला ते तोंड दिसत होतं.

तिचं काम असं, की लोकांनी केलेलं वैद्यकातलं संशोधन वाचायचं आणि त्याच्यावर किती विसंबावं ते ठरवायचं. ती स्वतः औषध शोधत नव्हती, रोगी तपासत नव्हती. ज्यांनी शोधलं, तपासलं, त्यांनी ते कसं केलं एवढंच ती तपासायची. चिठ्ठ्या टाकून माणसं दोन गटांत वाटली का? कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसतीच खडूची, हे रोग्याला ठाऊक होतं का? विचारणाऱ्याला ठाऊक होतं का? मध्येच किती जण सोडून गेले आणि ते गेले कुठे? शेवटी प्रत द्यायची: भक्कम, मध्यम, कमी, अगदी कमी. त्या प्रतीवरून वरचे लोक ठरवणार, ही गोळी डॉक्टरांनी द्यावी की देऊ नये, सरकारी दवाखान्यात ठेवावी की ठेवू नये. ऑफिसात तिला चाळणी म्हणत. अभ्यास कितीही जाडजूड असो, तिच्या हातात गेला की अर्धा खाली गळालाच म्हणून समजा. तिला राग नव्हता त्या नावाचा. चाळणीने पीठ थोडंच खराब होतं?

या तापानंतरच्या दुखण्यावरचे अभ्यास यंदा तिच्या टेबलावर आले होते. वाचता वाचता तिचा जीव कासावीस व्हायचा. एकाने जो कुणी "थकवा येतो" म्हणाला त्याला घेतलेलं. थकवा कुणाला येत नाही? आपल्या ऑफिसातला शिपाईही आला असता त्यात. दुसऱ्याने रोग्यांना रोज थोडं जास्त चालायला लावलं, चालून आल्या आल्या विचारलं, छान वाटतंय ना? छान, म्हणाले सगळे. परवाच्या दिवशी विचारायला कुणी गेलंच नाही. तिसऱ्यात गळालेल्यांना गाळून उरलेल्यांची सरासरी काढलेली, आणि ती सरासरी कशी गुटगुटीत दिसत होती! वहिनी प्रत्येक अभ्यासात आधी ती ओळ शोधायची, "मध्येच सोडून गेलेले." तिथे नुसता आकडा असायचा. तिला मात्र त्या आकड्यात पडदे ओढलेल्या खोल्या दिसायच्या, एकीला एक लागून, आणि प्रत्येकीत उशीवर एक डोकं. ही माणसं सोडून गेलेली नव्हती. त्यांना उठता येत नव्हतं. आणि याच ढिगात, तळाशी, एक पातळसा अभ्यास निघाला होता. गावाबाहेरच्या त्या डॉक्टरांचा. त्या गोळीचा.

नियम साधा होता. जे काम हाताशी येतं त्यात घरचं कुणी, गोतावळ्यातलं कुणी असेल तर आधीच सांगायचं आणि बाजूला व्हायचं. तिला नियम पाठ होता. नव्या मुलींना तीच तो शिकवायची. पण अभ्यास हातात आला त्या दिवशी बदकने चार बोटं दाखवली होती, आणि तिने मनाशी म्हटलं होतं, आपण वाचू तर खरं. आपल्याइतकं बारकाईने कोण वाचणार? आणि घरी जाऊन ती बोलूनही गेली होती, "तुझ्या डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आलाय बरं का." बदकने काळा चष्मा नाकावर खाली ओढून बघितलं होतं. "आता त्यांचं काही खरं नाही. चाळणीत पडले बिचारे."

नियम आणखी एक होता. एकच अभ्यास दोघांनी वाचायचा, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, आणि मग प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या. तिचा जोडीदार म्हणजे मास्तर. आयुष्यभर आकडेशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक चुकलं तर दुसरं. ते आजारी माणसांबद्दल कधी बोलत नसत. "कागद रडत नाही, बाई," म्हणत, "म्हणून आपण कागद वाचतो." आज दुपारी ते दोघं समोरासमोर बसणार होते. तिची प्रत तयार होती. मध्यम. तिने ती कशी लिहिली ते तिला आठवत होतं: तुलनेला दुसरा गट नाही, तर तिथे "लहान दवाखाना, साधनं तोकडी" असं लिहून ती पुढे गेली होती. रोग्यांना गोळी कोणती ते ठाऊक, तिथेही पुढे गेली होती. वाळूतून चालताना पाय आत जातोय हे कळत असूनही माणूस चालत राहतो, तसं.

आता तिने तो अभ्यास पुन्हा उघडला. पद्धतीच्या भागात ओळ होती: प्रत्येक रुग्णाला त्याची स्थिती दहापैकी किती, हे डॉक्टरांनी प्रत्यक्ष भेटीत, स्वतः विचारले. ही ओळ तिने दहादा वाचली होती. अकराव्यांदा वाचली तेव्हा ओळ उरलीच नाही. खुर्ची दिसली, पलंगाशेजारी ओढलेली. हातात घेतलेला हात दिसला. आणि डॉक्टरांचं तोंड दिसलं. भल्या माणसाचं तोंड, रात्रंदिवस या लोकांसाठी झिजलेल्या माणसाचं. भुवया कपाळावर, ओठ विलग, हनुवटी जराशी पुढे. सांगा, दहापैकी किती? आणि समोर ती सगळी माणसं, ज्यांच्यावर आजवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, ज्यांना बायकोने आळशी म्हटलं, साहेबाने कामचुकार म्हटलं, आईने "मनाचे खेळ" म्हटलं, ती माणसं या एकट्या माणसाला "तीनच" कसं म्हणणार? त्याचं तोंड पडलेलं त्यांना बघवणार होतं का?

आई चादरींच्या घड्या घालताना एक ओवी म्हणायची. कुठली, कुणाची, तिला ठाऊक नव्हतं. आईला तरी कुठे ठाऊक होतं. घडी मोडली की ओवी मोडायची, घडी बसली की बसायची.

आल्यागेल्यानं पुसलं, बाई गं, कसं तुझं?
हसून झाकलं मी डोईवरचं ओझं.

लहानपणी तिला ते पटायचं नाही. डोक्यावरचं ओझं हसून कसं झाकेल, आई? दिसणारच की! आई चादरीचं टोक दातात धरून म्हणायची, "बघणाऱ्याचे डोळे ओठांवर असतात, बाळ. डोक्यावर कोण बघतं?" एवढी मोठी विद्या शिकून, एवढे अभ्यास चाळून, ती शेवटी आईच्या चादरीपाशीच आली होती. फरक एवढाच, की आज बघणारी ती होती.

दुपारी मास्तरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या. त्यांच्या कागदावर अगदी कमी. तिच्या कागदावर मध्यम. त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, यात एक शब्द आहे."

"कुठला?"

"'डॉक्टरांनी स्वतः विचारले, तरीही उत्तरे विश्वसनीय वाटतात.' तरीही." त्यांनी पेनाचं टोपण त्या शब्दावर ठेवलं. "इतकी वर्षं तुमच्या जोडीला बसतोय. तुमच्या कागदावर 'तरीही' आजच बघितलं."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी कप विसळत होतं. तिला वाटलं, आपण अजून सांगू शकतो की लहान दवाखाना आहे, साधनं तोकडी आहेत. मास्तर वाद घालतील, ती घालेल, आणि शेवटी कमीवर तडजोड होईल. अगदी कमी आणि कमी यांच्यामध्ये गोळीला जगायला चिंचोळी का होईना, जागा होती.

"मास्तर, हा आजार माझ्या घरात आहे," ती म्हणाली. "माझ्या नणंदेला. ती हीच गोळी घेते. याच डॉक्टरांची."

मास्तरांची खुर्ची करकरली. ते बराच वेळ टोपण पेनावर बसवत राहिले, बसलेलंच होतं.

"कागद हातात आला तेव्हाही घेत होत्या?"

"हो."

"मग तेव्हाच सांगायचं होतंत."

"सांगायचं होतं."

"आता तुमची प्रत बाद. तिसऱ्याकडे जाईल. आणि वर कळवावं लागेल मला."

"कळवा. तुमची प्रत बरोबर आहे, मास्तर. मी 'तरीही' लिहिलं, कारण घरी तसंच चाललंय." तिने लिफ्टमधलं तोंड त्यांना करून दाखवलं, भुवया वर, ओठ विलग, आणि मास्तर, जे कधी हसत नसत, ते हसता हसता थबकले. "पण एक मागते. अगदी कमी लिहाल, त्याच्याखाली एवढं लिहा, की पुरावा कमी आहे म्हणजे दुखणं कमी आहे असं नव्हे. हे लिहिलं नाही तर वाचणारे तेच वाचतात. त्या गोळीत काही नसेलही, असेलही. आपल्याला कळलेलं नाही एवढंच खरं. म्हणावं, कुणीतरी पैसे द्या, माणसं द्या, पुन्हा करा. ज्याला गोळी कुठली ते माहीत नाही अशाने विचारा. घरी जाऊन विचारा. परवाच्या दिवशी विचारा."

"प्रतीच्या चौकटीत नाही बसत ते."

"माहीत आहे."

मास्तरांनी कागद पालटला, मागची कोरी बाजू बघितली. "शेऱ्याला मात्र जागा असते," ते म्हणाले, आणि दुसरं पेन काढलं. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली. "कशा आहेत हो त्या आता? नणंदबाई?" आणि वहिनीला दिसलं, त्या कोरड्या, करवंटीसारख्या चेहऱ्यावरही भुवया हळूहळू वर चढत होत्या, ओठ विलग होत होते. सात, असं जिभेवर आलं होतं. मास्तरांना किती बरं वाटलं असतं!

"माहीत नाही, मास्तर," ती म्हणाली. "आज घरी जाऊन विचारणार आहे."

परतताना ती लिफ्टने वर गेली नाही, जिना चढली. पाठीला घाम आला, आणि पाठीला घाम आला की तिला नेहमी तलाव आठवायचा. नवी नवरी होती तेव्हा. पाण्याला ती जन्माची भ्यायलेली. बदकने ऐकलं नाही. "माझ्या भावाची बायको आणि बुडणार? शोभतं का!" पाण्यात आडवं निजवलं, पाठीखाली तळहात धरला. "मान सोड, वहिनी. हात आहे माझा." काढू नकोस हं. "नाही काढत." काढलास का? "नाही गं बाई, आहे." वर पत्र्याचं छत, पत्र्यावर पाण्याच्या उजेडाच्या नागमोडी रेघा, कानात पाण्याचं घुमणं, आणि पाठीवर तो हात, एवढाच काय तो जगाचा पत्ता. मग तिने डोळा कलता करून बघितलं, तर बदक पार पलीकडच्या काठावर बसून पाय हलवत होती. वहिनी गटांगळी खाऊन उठली, "खोटं बोललीस!" काठावरून हाक आली, "तरंगलीस की नाही?" आणि हात नसतानाही पाठीवर हात जाणवत होता तो जाणवतच राहिला, घरी आल्यावरही, टॉवेलने पुसल्यावरही.

दार नवऱ्याने उघडलं. हाताला ग्रीस, तोंडभर हसू. "सात म्हणे आज! मला पण दाखवले सात." तिने मान हलवली आणि आतल्या खोलीत गेली. संध्याकाळचा उजेड पडद्याच्या कडेने आत डोकावत होता, आत येऊ का म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा. तिने पलंगाकडे बघितलं नाही. पाठमोरी, पलंगाच्या कडेवर, भिंतीकडे तोंड करून बसली.

"भांडून आलीस की काय?" मागून बारीक आवाज आला.

"नाही."

"मग तोंड का लपवतेस? डाग पडला का काही?"

"तोंड घेऊन विचारायचं नाही ठरवलंय. माझ्या तोंडाकडे बघून तू आकडा सांगतेस."

मग पलंग हलल्यासारखा वाटला; हसत होती ती, आवाज न करता, कारण आवाजाला ताकद लागते. "लवकर कळलं गं तुला. मोठी चाळणी म्हणे!"

"बदक, गोळी लागू पडतेय का?"

"बंद केली मी ती. पाच झाले ना, त्याच्याही आधी. छातीत धडधडायचं नुसतं."

वहिनीच्या समोर भिंत होती. भिंतीवर रंगाचा एक पोपडा सुटायला आला होता. ती त्या पोपड्याला घट्ट धरून राहिली, डोळ्यांनी. "डॉक्टरांना नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. त्यांनी हात हातात घेतला आणि बघितलं माझ्याकडे. तुझ्यासारखंच. तुम्ही सगळी चांगली माणसं एकाच साच्यातली, वहिनी. जीव नकोसा करता."

"अगं पण मग आकडा कसा चढत होता?"

"गोळी बंद करता येते." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. "आकडा कसा बंद करायचा? पाच म्हटलं तर दादा शीळ घालत गेला. किती वर्षांनी ऐकली मी ती शीळ. दुसऱ्या दिवशी चार कुठल्या तोंडाने दाखवू?"

बाहेरच्या खोलीत नवरा काहीतरी ठोकत होता, हलक्या हाताने, फडकं गुंडाळलेल्या हातोडीने. आठवडेच्या आठवडे या घरात एक अभ्यास चालला होता. एक रोगी, एक गोळी, एक विचारणारी. रोग्याला सगळं ठाऊक, विचारणारीचा जीव उत्तरात अडकलेला. असा अभ्यास तिच्या टेबलावर आला असता तर तिने पहिलं पान उलटायच्या आत गाळला असता. आणि तो तिनेच मांडला होता, रोज सकाळी, चपला घालता घालता. तिला रडू यायला हवं होतं; आला तो रागच. "खोटं बोललीस माझ्याशी."

"तरंगलीस की नाही?"

पडद्याच्या कडेचा उजेड भिंतीवरून खाली उतरला, पोपड्यापाशी आला, पलीकडे गेला.

"एक सांगू?" मागून आवाज आला, आता आणखी दमलेला. "सातला दोन हात वर धरावे लागतात. सकाळी तेवढ्यानेच दिवस संपतो माझा. तू लिफ्टमध्ये शिरतेस ना, तोवर माझे हात खाली पडलेले असतात."

वहिनीने डोळे मिटले. विचारायचा प्रश्न तोच होता, शब्द तेच होते. पण घशातून ते आधी कधी इतके उघडे बाहेर आले नव्हते. त्यांच्यामागे शीळ नव्हती, गोळी नव्हती, कागद नव्हता. "आज किती, बदक?" आणि जरा थांबून, "दाखवू नकोस. पाठीवर ठेव."

पांघरूण सरकल्याचा आवाज आला. मग पाठीवर, पदराच्या कडेला, एक बोट टेकलं. थंड होतं, ब्लाउजच्या कापडातून कळत होतं. त्याच्या शेजारी दुसरं. ती वाट बघत राहिली, आणि वाट बघताना आपलं तोंड उघडतंय हे तिला जाणवलं. उघडू दे, भिंतीला काय त्याचं. तिसरं आलं, जरा खाली, इतरांपेक्षा जाड, आणि आलं ते टेकूनच राहिलं.

"तीन?" ती म्हणाली.

"दोन," मागून आवाज आला. "अंगठा मोजू नकोस. तो आधाराला ठेवलाय."